ताठ अंकुर

"राजाच्या नजरेत येईल का हो, तोक?"

हमदानने हे तिसऱ्यांदा विचारलं. तोक जुसोह दारावरच्या कोरलेल्या अंकुराकडे बघत होते. मलय मुलखात वडीलधाऱ्याला मानाने तोक, म्हणजे आजोबा म्हणतात. हे आजोबा राजवाड्यात लाकूड कोरणाऱ्यांचे मुख्य होते आणि हमदान त्यांचा बारा वर्षांचा शिष्य.

दरबाराच्या दारावरची जाळीची फळी त्याने एकट्याने कोरली होती. गडी हुशार खरा, पण अलीकडे शिंगं फुटली होती. तिथला रिवाज असा, की वेलीचं टोक शेजारच्या पानाला टोचता कामा नये, वळून झुकलं पाहिजे. याने मधला अंकुर ताठ ठेवला, थेट शेजारच्या पानावर रोखलेला. लोकांनी बघत राहावं म्हणून! तोकांनी हटकलं, तर लाकडाला काय दुखतंय, म्हणाला होता.

आणि आज सकाळी सुतारांनी त्याला एक जुनी गोष्ट ऐकवली. असाच अंकुर कोरणाऱ्यावर राजाचं वाईट चिंतल्याचा आळ आला. शिपाई त्याला होडीत घालून नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तो काही परत आला नाही.

हमदानच्या तोंडचं पाणी पळालं. राजा दुपारच्या नमाजानंतर येणार होता. फळी चौकटीत घट्ट बसलेली, ती उतरवायला वेळ नव्हता.

"तुम्हीच नीट करा, तोक. माझे हात चालत नाहीत."

तोकांनी पटाशी उचलून त्याच्याच हातात दिली. मग ते दाराच्या पलीकडून परांचीवर चढले आणि त्या अंकुराच्या बरोबर मागे आपला उजवा तळहात टेकवला. जाळीतून त्यांच्या हातावरच्या सुरकुत्या दिसत होत्या.

"कोर."

"हात काढा. पटाशी निसटली तर आरपार जाईल."

तोकांनी तळहात आणखी घट्ट दाबला.

"तोक, ऐका ना. त्याच हातावर तुमचं सगळं आहे."

हात हलला नाही. नदीकडून राजाचा ढोल ऐकू आला.

हमदान रडकुंडीला आला. पण अलीकडच्या शिडीवर चढून पटाशी टेकवली. हातोडीचा एक हलका ठोका दिला, थांबला, जाळीतून पलीकडे पाहिलं. पुन्हा एक ठोका. नखाएवढी ढलपी निघाली. अंग घामाने निथळत होतं. असं भीत भीत त्याने आयुष्यात कधी कोरलं नव्हतं.

ढोल पायऱ्यांपाशी आला तेव्हा टोक वळून आत झुकलं होतं. शेजारचं पान मोकळं झालं होतं.

तोकांनी हात काढला. साधा ओरखडाही नव्हता. हमदानने तो दोन्ही हातांत धरला आणि किती वेळ सोडलाच नाही. राजा आत येतोय, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"पुढच्या फळीला असं करू नका, तोक. मला फार भीती वाटली."

"वाटली ना? मग पुढच्या फळीला माझा हात मागे ठेवावा लागणार नाही."