धनेशाच्या चोचीएवढी फट

एका राज्यात, जिथे नदी उगवतीकडून येते आणि मावळतीकडे जाते, तिथे हेमकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. मनाने चांगला, हाताने सढळ आणि स्वभावाने उतावळा. त्याच्या खजिन्याचा मनोरा सात मजली होता. मनोऱ्याच्या तळाशी एक झरोका, झरोक्यावर दोरीने ओढायची दगडी शिळा. विणकराला सूत घ्यायचं असो की कुंभाराला भट्टी लावायची असो, कर्ज त्या झरोक्यातून मिळे. शिळा जितकी वर तितकं व्याज कमी, जितकी खाली तितकं जास्त. त्या राज्याची ही जुनी रीत.

त्याच राज्यात भिवरा नावाची नावाडीण होती. तिची होडी भाड्याची, आणि तीही पाझरणारी. चार वल्ही मारावी आणि करवंटीने पाणी उपसावं, असं तिचं चाललं होतं. स्वतःची होडी घ्यायची, एवढा एकच ध्यास. धोंडोजी सुतार होडीचे शंभर होन सांगे. भिवराने पोटाला चिमटा घेऊन ऐंशी होन खजिन्यात ठेवले होते.

अशात विहीर खणताना राजाला एक रांजण सापडला. सकाळी त्यात एक होन टाकावा, दिवेलागणीला दोन काढावे. काठावर अक्षरं कोरली होती: 'मी नाणं वाढवीन, दाणा वाढवणार नाही. मला जो भुलेल, त्याचा खजिना कलेल.' राजाने वाचलं आणि तो हसला. "शाप देणाऱ्याला दाण्याची काळजी, मला प्रजेची," असं म्हणून त्याने शिळा पार वर ओढली आणि बिनव्याजी होन वाटायला लावले.

प्रजा खूश झाली. घरोघरी होन आले. पण शेतात ज्वारी तेवढीच होती आणि रानात सागवानही तेवढंच. ज्याच्या त्याच्या मुठीत होन, आणि सगळ्यांना तीच ज्वारी, तेच सागवान हवं. भिवराचे नव्वद झाले तेव्हा होडी दोनशेला गेली. शंभर झाले तेव्हा चारशेला.

"धोंडोजीकाका, हा काय न्याय झाला?"

"पोरी, लाकूडच मला तीनशेला पडतं. मी काय भुसा खाऊ?"

आणि मनोरा उगवतीकडे हातभर कलला.

राजाचं धाबं दणाणलं. त्याने भर दुपारी शिळा धाडकन खाली सोडली. झरोका बंद झाला. विणकरांचे माग थांबले, भट्ट्या विझल्या, कर्ज घेतलेल्यांनी हात वर केले. तेव्हा मनोरा उगवतीकडून उठला आणि मावळतीकडे दोन हात कलला. वरच्या मजल्याच्या विटा गळू लागल्या. ठेवी परत मागायला लोकांची रीघ लागली. भिवराही रांगेत होती. मनोरा पडला तर तिचे शंभर होन विटांखाली जाणार होते.

राजाने दवंडी पिटवली, जो मनोरा सरळ करील त्याला मागेल ते मिळेल. मोठमोठे मांत्रिक आले. त्यांनी मनोरा मोजला, दक्षिणा घेतली आणि ते गेले.

भिवरा रांगेतून निघाली ती पैलतीरी. तिथल्या उंबराच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिल्लांसह बसली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे एक उभी फट. नर बाहेरून चोचीने फळं भरवीत होता. त्या राज्यात पक्षी बोलत, पण विचारलं तरच.

"धनेशा, सगळा गाव कलला. तुझं घर कसं नीट?"

धनेश म्हणाला, "फट मोठी ठेवली तर साप शिरतो. बुजवली तर पिल्लं उपाशी मरतात. तुझ्या राजाने आधी सापाला बोलावलं, मग पिल्लांना मारायला निघाला."

"यावर उपाय?"

"तीन कामं. माझ्या लिंपणाने रांजणाचं तोंड बंद कर. शिळा माझ्या चोचीच्या जाडीइतकी उचल. मग तीन महिने दोन्हींना हात लावू देऊ नकोस. पहिली दोन कुणीही करील."

भिवराने ओंजळभर लिंपण आणलं. त्यात काय काय होतं ते न विचारलेलं बरं. दरबाराने नाकाला पदर आणि उपरणी लावली. रांजण लिंपला, शिळा उचलली, आणि ती तिथेच राखणीला बसली.

पहिल्या महिन्यात विणकर आले. "बाई, फट वाढवा. एवढं व्याज परवडत नाही." भिवरा म्हणाली, "जेवढं लुगडं विकेल तेवढंच सूत घ्या. तेवढ्याचे होन या फटीतून निघतात." विणकर शिव्या घालत गेले, पण माग पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या महिन्यात खुद्द राजा आला. "उत्सव तोंडावर आहे. एकच दिवस रांजण उघडू?"

"महाराज, मागेही एकाच दिवसापासून सुरुवात झाली होती."

राजा पाय आपटत गेला.

तिसऱ्या महिन्यात पाझरणारी होडी काठाशी बांधल्या जागी बुडाली. धोंडोजी सांगायला आला. हळूच म्हणाला, "नवी होडी तयार आहे, चारशेला. लिंपणाला होनाएवढं भोक पाड. दोन दिवसांत तुझ्या शंभराचे चारशे होतील. कोण बघतंय?"

तो गेल्यावर भिवरा रांजणापाशी गेली. लिंपणावर तिने नख टेकवलं. तिला ती होडी हवी होती. फार हवी होती. इतकी, की तिला रडू कोसळलं. पण तिच्या मनात आलं, मी चारशे घेऊन जाईन तेव्हा काका आठशे सांगतील. आज मी भोक पाडलं तर उद्या राजा पाडील. तिने चिमूटभर ओला चिखल घेतला आणि नखाची खूण लिंपून टाकली.

त्याच रात्री तीन महिने भरले आणि रांजण आतल्या आत तडकला. त्यातून राजाने टाकलेला पहिला होन तेवढा निघाला. मनोरा कुरकुरत उठला आणि ओळंब्यात उभा राहिला.

"माग," राजा म्हणाला.

"महाराज, शिळेची दोरी तुमच्या हातात नको."

राजाचे कान लाल झाले, पण शब्द दिलेला होता. तेव्हापासून ती दोरी तिघांच्या हाती असते: एक ठेव ठेवणारा, एक कर्ज घेणारा आणि एक बाजारात भाव विचारत हिंडणारा. तिघे भांडतात खूप, शिळा हलवतात बोटभर.

चढलेले भाव मात्र उतरले नाहीत. शाप सुटला म्हणून तेवढं होत नसतं. ते फक्त पळायचे थांबले. भिवराने दुसरी होडी भाड्याने घेतली. तिच्या ठेवीवर आता व्याज चढत होतं, त्यात ती भर घालत होती. नऊ वर्षं गेली. चारशे होन पदरात बांधून ती धोंडोजीच्या दारी गेली.

"काका, होडी केवढ्याला?"

धोंडोजी रंधा मारीत होता. त्याने मानही वर केली नाही. "चारशे."

"पुन्हा सांगा."

"चारशेच की, बाई. किती वर्षं तेच सांगतोय."

भिवरा भुशातच बसली आणि हसत हसत रडली. मग तिने होडी पाण्यात लोटली. तळ कोरडा राहिला. जुनी करवंटी तिने नदीत सोडून दिली. ती वाहत वाहत मावळतीकडे गेली, आणि तिच्यामागून ही गोष्टही गेली.