अणूच्या राखेचं मडकं

अंजनखोऱ्याचा राजा वीरसेन याला अणूची वीज हवी होती. शेजारच्या राजाने ती आणायची घोषणा केली होती, एवढंच कारण. त्याच्याही घरी अजून दिवा लागला नव्हता. पण घोषणा झाली, आणि वीरसेनाला जेवण गोड लागेना.

दिवाण भगवंतरावांनी योजना आखली. अणुमंडळ नेमलं आणि त्यावर आपला जावई बसवला. भट्टी नदीकाठी, तारा राजवाड्याकडे, आणि वीज काढून झाल्यावर जी विषारी राख उरते ती चिकणवाडीच्या मातीखाणीत पुरायची. ही राख दहा हजार वर्षं घातक राहते, हे मंडळाने अगदी खालच्या आवाजात सांगितलं.

चिकणवाडी कुंभारांची. खाण गेली की चाकं थांबणार. शिवाय पाडव्याआधी गावच उठवायचं ठरलं होतं.

गावाने हौसा कुंभारणीला पुढे केलं. साठी उलटलेली बाई, तोंडाने फटकळ. तिने दरबारात विचारलं, की राख ज्यात भरणार ते भांडं फुटलं तर काय? दिवाण म्हणाले, फुटणार नाही. तिने पुन्हा विचारलं, फुटलंच तर?

"तर दुसरं आणू," दिवाण म्हणाले. राजाने मान डोलावली.

बाई तरी हलेना. तेव्हा राजा चिडला.

"तू कुंभारीण ना? मग दहा हजार वर्षं टिकेल असं मडकं तूच करून आण. आणलंस तर गाव तुमचं. नाहीतर चूलबोळकी उचला."

"आणते," हौसा म्हणाली. दरबार पोट धरून हसला.

आठवड्याने ती डोक्यावर मडकं घेऊन आली. दिवाणांनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. हौसाने त्यांना ठोकून बघायला सांगितलं. टिचकी मारताच मडकं खणखणीत वाजलं. मग राजानेही वाजवलं. जन्मात कधी मडकं विकत घेतलं नव्हतं, त्याला मजा वाटली. पण हे टिकेल हे कळायचं कसं, असं त्याने विचारलं.

हौसाने रीत सांगितली. नवं मडकं घेणाऱ्याने घरी न्यायचं, पाणी भरून रात्रभर ठेवायचं. गळलं तर परत आणायचं. आणि आपलं मडकं कुणी शेजाऱ्याच्या घरात ठेवून पारखत नाही, आपल्याच घरात ठेवतो. तेव्हा महाराजांनी ते स्वतःच्या पलंगाशी ठेवावं.

राजाला हे पटलं. मडकं भरून पलंगाशी ठेवलं गेलं.

सकाळी राजाने पाय खाली टाकला तो पाण्यात. पाय सटकला आणि राज्याचा मालक सिंहासनावर जो भाग टेकवतो त्याच भागावर आपटला. दोन शिपायांनी त्याला उचललं. हौसाला दरबारात बोलावणं गेलं. ती काखेत आणखी एक मडकं मारून आली.

"तुझं मडकं एका रात्रीत गळलं!" राजा ओरडला.

"गळलं? मग हे घ्या दुसरं."

"दुसरं?"

"गळकं मडकं आम्ही बदलून देतो. हेही गळलं तर तिसरं देईन. माझ्यामागे माझी सून देईल, तिच्यामागे तिची. दहा हजार वर्षं देत राहू."

"अगं, पाणी होतं म्हणून फडक्याने पुसलं. ती राख सांडल्यावर तुझं दुसरं मडकं घेऊन मी काय डोक्यावर नाचवू?"

"मीही हेच विचारत होते, महाराज. दिवाणजी म्हणाले, दुसरं आणू. तुम्ही मान डोलावलीत. म्हणून दुसरं घेऊनच आले."

राजाने दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी घसा साफ केला. मंडळाचं भांडं आणि कुंभाराचं मडकं यांची बरोबरी होत नाही, असं ते म्हणाले. मंडळाचं भांडं गळणं शक्यच नाही.

"मग ते आधी तुमच्या माजघरात ठेवा," हौसा म्हणाली. "रीत सगळ्यांना सारखी."

"माझ्या माजघरात? बाई, माझ्या घरात लेकरंबाळं आहेत!"

दिवाणांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग राजाच हसू लागला. हसताना आपटलेला भाग दुखत होता, तरी एका हाताने तो धरून हसत राहिला.

डोळे पुसून त्याने हुकूम दिला. चिकणवाडी उठणार नाही. खाण कायमची कुंभारांची. अणुमंडळाने वीज खुशाल काढावी, पण राखेचं पहिलं भांडं दिवाणांच्या माजघरात राहील आणि राखणीला त्यांचा जावई बसेल. योजनेचा अजून बराच अभ्यास बाकी आहे, हे दिवाणांना तिथल्या तिथे आठवलं.

हौसाला लुगडं-चोळी आणि माती वाहायला बैलगाडी मिळाली. जाताना तिने काखेतलं मडकं राजापुढे ठेवलं.

"हे मात्र गळत नाही, महाराज. मी घरी ठेवून पाहिलंय."