अविश्वासाचे एक वाक्य

एकदा एक वयोवृद्ध गुरुजी आपल्या शिष्याला शब्दांचे अर्थ शिकवीत होते. त्या दिवशीचा शब्द होता ‘अविश्वास’. शिष्य हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होते. तो म्हणाला, “विश्वास नसणे म्हणजे अविश्वास. मूळ धातू ‘श्वस्’, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्यापाशी निर्धास्त श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास.”

“व्युत्पत्ती बरोबर. आता वाक्यात उपयोग कर.”

शिष्याने घरचेच उदाहरण घेतले. “माझा थोरल्या भावावर अविश्वास आहे.” वडील गेल्यापासून धान्याच्या वाटणीवरून दोघांचे फाटले होते.

गुरुजींनी समोरच्या दिव्यावर तांब्या पालथा घातला. थोड्या वेळाने उचलला, तर दिवा विझलेला. “वाक्य अपुरं आहे,” एवढेच ते म्हणाले. म्हातारपणी माणूस कोड्यात बोलू लागतो, असे समजून शिष्य मनातल्या मनात हसला.

पुढे पेव उघडायचे म्हणून तो गावी गेला. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. आतली हवा कोंडून विषारी होते, म्हणून आधी दिवा खाली सोडतात. तो तेवत राहिला तरच माणूस कमरेला दोर बांधून उतरतो आणि हाका देत राहतो. हाक थांबली, की वरच्याने दोर ओढायचा.

खाली सोडलेला दिवा विझला. थोरला म्हणाला, “आज नको. हवा खेळू दे आत.”

“म्हणजे माझी पाठ फिरली की तू धान्य काढायला मोकळा,” धाकटा म्हणाला. “दिव्यात तेलच कमी घातलंस तू.”

थोरल्याचा चेहरा पडला. त्याने निमूटपणे दोर कमरेला बांधला, टोक धाकट्याच्या हातात दिले आणि तो उतरला. दोन हाका आल्या. पुढची आली नाही. दादा सोंग करतो आहे, असे वाटून धाकटा उभाच राहिला. दोर ओढला तेव्हा उशीर झाला होता.

अशा गोष्टींचा शेवट गोड करण्याची रीत आहे. मला ते जमणार नाही. माणूस गेला तो गेला.

दिवसकार्य उरकून शिष्य परतला. “गुरुजी, मी विश्वास ठेवावा म्हणून दादा उतरला. आणि दोर माझ्याच हातात दिला त्यानं.”

गुरुजी म्हणाले, “बाळा, ज्याच्या मनात अविश्वास असतो, त्याला तो शहाणपणा वाटतो. त्याचा स्वतःचा श्वास नीट चाललेला असतो ना. जीव कोंडतो तो समोरच्याचा. तुझ्या वाक्यात तेवढंच राहिलं होतं. मी तांब्या पालथा घालत बसलो. सरळ सांगायला हवं होतं.”

“आता काय करू?”

“आता करण्यासारखं काही नाही.” गुरुजींनी दिवा लावला. शिष्याला त्याच्याकडे बघवेना.

हाक थांबली, की आधी दोर ओढावा. शंका मागाहूनही घेता येते.