चंद्रभान राजाच्या तीन कोंबड्या

एका राज्यात चंद्रभान नावाचा राजा राज्य करीत असे. राणी वारली होती. मागे तीन मुली होत्या: थोरली हेमा, मधली रेवा, धाकटी इंदू. आणि राजवाड्यामागे राणीनं स्वतः लावलेली बाग होती. राजाचा जीव या दोहोंत होता.

बागेपलीकडच्या टेकडीवर ज्वालाक्ष नावाचा मांत्रिक राहत असे. त्यानं बारा वर्षं एका बीवर मंत्र म्हटले, तेव्हा कुठे तिला अंकुर फुटला. त्याच दिवशी तिघी मुली टेकडीवर गेल्या. भातुकलीसाठी माती उकरता उकरता त्यांनी तो अंकुर उपटून टाकला.

मांत्रिकानं त्यांच्यावर हात उगारला नाही. तो एवढंच म्हणाला, "उकरायची हौस आहे ना? उकरा."

मुलींच्या जागी तीन कोंबड्या उभ्या राहिल्या. हेमा तांबडी, रेवा काळी, इंदू पांढरी. वाचा तेवढी मुलींची राहिली.

राजा अनवाणी टेकडी चढला. "योगीराज, मुलींचं वय तरी पाहायचं होतं."

"अंकुराचं वय काय होतं, राजा?"

राजानं ओंजळ पुढे केली. मांत्रिकानं त्याच्या ओंजळीत तीन बिया घातल्या. "तुझ्या बागेत स्वतःच्या हातानं लाव. एकीला जरी फूल आलं तरी शाप सुटेल. पण कोंबड्या त्याच बागेत मोकळ्या राहिल्या पाहिजेत. एकीलाही क्षणभर कोंडलंस किंवा बांधलंस, तर तिघी जन्मभर कोंबड्याच. रोपाला भिंत घातलीस तर ती ढासळेल."

"चौथी बी?"

"त्रिभुवनात नाही."

राजानं पहिली बी लावली. दिवसभर तो तिच्याशेजारी बसून राही. नवव्या दिवशी दोन पानं वर आली. राजा पाणी आणायला विहिरीवर गेला आणि परतला, तोवर तांबड्या कोंबडीनं वाफा उकरून टाकला होता. पानं चिखलात पडली होती.

"बाबा," हेमा रडत म्हणाली, "मी नको नको म्हणत होते. पाय माझं ऐकत नाहीत."

वर्षभरात बागेची रया गेली. शेवंतीचे वाफे खड्डे झाले, मोगऱ्याची मुळं उघडी पडली, हिरवळीची धूळ झाली. दुसऱ्या बीभोवती राजानं बाभळीच्या काट्या रोवल्या. काळी कोंबडी त्यांतून आत घुसली, रक्तबंबाळ झाली, पण रोप उपटूनच थांबली. राजानं कुदळ उचलली. रेवानं मान खाली घातली आणि डोळे मिटले. तेव्हा राजाच्या हातून कुदळ गळाली. तो सांजेपर्यंत तिच्या अंगातले काटे काढीत बसला.

तिसरी बी मुठीत धरून राजा तीन दिवस उपाशी बसला. दरबार ओस पडला होता. त्याला वाटलं, ही बी लावूच नये. बी मुठीत आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे.

चौथ्या दिवशी कुंपणातून एक भारद्वाज पक्षी बोलला. "राजा, दोन वर्षं रोपाकडे पाहत बसलास. मुलींकडे कधी पाहिलंस?"

"काय पाहायचं?"

"त्या का उकरतात ते. कोंबडीला लोळायला मऊ राख लागते, टिपायला किडा लागतो. ते तिला तिच्या जागी दे. आणि रोपाच्या बुंध्याशी माती उघडी ठेवू नकोस. पण हे शापाचे पाय आहेत, साध्या राखेनं भागणार नाही. शंभर वर्षं न विझलेल्या धुनीची राख आण. उलट्या वाहणाऱ्या नदीतले चपटे गोटे आण. काळ्या नागाच्या वारुळातली वाळवी आण."

राजा निघाला. धुनीनं त्याच्या हातांची कातडी घेतली आणि राख दिली. नदीनं त्याच्या आयुष्यातली दहा वर्षं घेतली. तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे केस पांढरे होते. वारुळावर नाग फणा काढून बसला होता.

"काय देशील?"

"मागाल ते."

"तुझ्या राणीचा आवाज दे."

राजानं एकदा तो आवाज मनात ऐकला. मग म्हणाला, "घ्या." त्या क्षणापासून त्याला राणीचा चेहरा आठवे, शब्द आठवत, आवाज आठवत नसे.

परत येऊन त्यानं अर्धी बाग मुलींना दिली. जांभळीखाली राखेचा खड्डा केला, कोपऱ्यात वाळवीचं वारूळ वसवलं. उरलेल्या अर्ध्यात बी लावली आणि अंकुराभोवती गोटे जमिनीसरशी अंथरले. कोंबड्या राखेत लोळत, वारूळ उकरीत. क्वचित रोपाकडे आल्या तर नखं गोट्यांवर घसरत. रोप गुडघ्याएवढं झालं. राजाला पहिल्यांदा झोप लागली.

पावसाळ्यात बागेत मुंगूस शिरू लागलं. इंदू राजाच्या पायाशी येऊन म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते. मला आत ठेवा ना."

"नाही ठेवता येत, बाळ."

"थोडा वेळ."

"थोडा वेळही नाही."

राजानं काठी घेऊन पहारा केला. पाच दिवस त्याची पापणी लवली नाही. सहाव्या दिवशी भर दुपारी, बसल्या बसल्या, लवली. जागा झाला तेव्हा राखेच्या खड्ड्याशी पांढरी पिसं पडली होती.

त्यानं ती वेचली. मग उठून रोपाला पाणी घातलं, कारण अजून दोघी होत्या.

शिशिरात रोपाला एकच निळं फूल आलं. जांभळीखाली हेमा आणि रेवा आपल्या मूळ रूपात उभ्या राहिल्या. हातांकडे पाहत राहिल्या, मग धावत येऊन बापाला बिलगल्या. टेकडीवर ज्वालाक्षाची झोपडी रिकामी होती.

राजानं पुन्हा दरबार भरवला. न्यायनिवाडे सुरू झाले, बागेत शेवंती लागली. वसंतात शेजारच्या राज्याचा दूत आला. दोन्ही राजकन्या सिंहासनाजवळ बसल्या होत्या. त्यानं नजराणे ठेवले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "महाराजांना कन्या किती?"

राजा म्हणाला, "तीन."

दूतानं दोघींकडे पाहिलं. हेमानं दासीला खूण केली आणि तिसरं आसन मांडायला सांगितलं.