सावलीची घाई

झाडं माणसांशी कडाकडा भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. मुकुंदरावांना नव्या घरापुढच्या अंगणात सावली हवी होती, तीही लगेच. तिथला कापडी मांडव त्यांच्या नजरेत भरेना आणि रोप वाढेपर्यंत थांबायला धीर नव्हता. म्हणून त्यांनी दूरच्या मळ्यातली डेरेदार बकूळ खणून आणवली. ती गाडीत मावेना, तेव्हा तिची मुळं चारही बाजूंनी तोडायला लावली.

अंगणात लावल्यावर काही दिवसांतच बकुळीची सगळी पानं झडली.

"सावलीसाठी आणलं तुला! ही कसली थेरं करतेस?" मुकुंदराव कडाडले.

"थेरं?" बकूळ भडकली. "मुकुंदा, तुझ्या आजोबांहून मोठी आहे मी! पाणी प्यायची माझी तोंडं छाटलीस, आणि वर माझ्यावरच डाफरतोस? माझा डेरा मान वर करकरून बघितलास. मुळांकडे एकदा तरी वाकलास का? मला जगवायचं असेल तर आता तूच माझ्यावर सावली धर!"

मुकुंदरावांनी अंगणातला मांडव सोडला आणि बकुळीवर बांधला.

तेव्हापासून भर दुपारी बकूळ सावलीत असायची आणि मुकुंदराव उन्हात, हातात झारी घेऊन. आणि ती रोज विचारायची, "काय रे, अजून घाई आहे?"