देवाच्या पानात मीठ नसतं

एकदा एक तरुण चवीची विद्या शिकायची म्हणून एका वृद्ध आचाऱ्याकडे शिष्य होऊन राहिला. आचाऱ्यांनी हयातभर लग्नामुंजींचे स्वयंपाक केले होते. आता हात थरथरत, म्हणून त्यांनी झारा खाली ठेवला होता; पण साऱ्या पेठेत खाण्याच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा मानला जाई. लोक त्यांना आप्पा म्हणत.

पेठ मोठी आटोपशीर होती. गाडीघोड्याला तिथे जागा नव्हती आणि गरजही नव्हती. एका टोकाला मिसळ खाऊन निघालेल्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या रसवंतीपाशी पुन्हा भूक लागावी, एवढंच तिचं अंतर. आणि मधल्या वाटेवर त्या भुकेची काळजी वाहणारे पुष्कळ. आप्पा रोज सकाळी शिष्याला घेऊन पायी निघत. इथे दोन घास, तिथे एक घोट, असं खाऊ घालत आणि विचारत, "काय सापडलं?"

शिष्याची जीभ खरोखर दैवी होती. मिसळीच्या कटातलं खोबरं जरा जास्त भाजलं गेलंय, खरवसातला वेलदोडा जुना आहे, पॅटिस तेल पुरतं तापायच्या आधीच सोडलेत, हे त्याला पहिल्या घासालाच कळे. आप्पा म्हणत, "बरोबर आहे." ते ऐकून त्याला मूठभर मांस चढे. एकच गोष्ट त्याला खटके. आप्पा कुठेही गेले की आधी उभ्याउभ्या चौकशा करत राहत. मिसळवाल्याची मुलगी सासरी रुळली का, खरवसवाल्यांच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे. तोवर मिसळ गार होऊन जाई. चवीचं शास्त्र शिकायला आलेल्या माणसाला गुडघ्यांशी काय कर्तव्य, असं त्याच्या मनात येई. तरुणपणी अशा गोष्टी मनात यायच्याच.

पेठेच्या मधोमध एका बोळात यमुनाक्कांची खाणावळ होती. एकच खोली, भिंतीला दत्ताची तसबीर आणि जमिनीवर पाट. मागे कुणी नसलेली ही बाई दुपारी वीसेक माणसं जेवू घाली, आणि त्या वीसेक माणसांचा संसार हाच आपला संसार मानी. दर गुरुवारी ती दत्ताला नैवेद्य दाखवून मगच पंगत बसवी. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. त्यामुळे गुरुवारी यमुनाक्का सारं काही अंदाजाने रांधत, आणि तो अंदाज कधी चुकत नाही अशी त्यांची ख्याती होती.

अशाच एका गुरुवारी आप्पांना ताप होता, म्हणून शिष्य तिथे पहिल्यांदाच, तोही एकटा, जेवायला गेला. केळीची पानं मांडलेली, पंगत भरलेली. त्याने आमटीभाताचा पहिला घास घेतला आणि तो थांबला. मग भर पंगतीत, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाला,

"आक्का, आमटीत मीठच नाही. घालायचंच राहिलंय."

कुणी वर पाहिलं नाही. यमुनाक्का आमटीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरंच की. चुकलं माझं," आणि आत गेल्या. शिष्य घरी आला तो समाधानात. एवढी माणसं जेवत होती, पण चूक एकट्यालाच कळली, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी खाणावळीला कुलूप होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. समोर चहाचं दुकान चालवणाऱ्या भिकोबांनी शिष्याकडे पाहून नुसती मान हलवली. "चूल बंद केली आक्कांनी. म्हणाल्या, आता माझ्या हातचं कुणाला घालत नाही." मग कपबशी त्याच्यापुढे सरकवत ते म्हणाले, "बाबा रे, गेल्या कितीतरी गुरुवारी आमटी अळणी होती. आम्ही खातच होतो की."

शिष्याने चहाला हात लावला नाही. तो तसाच उठून यमुनाक्कांच्या मागच्या दाराशी गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"तुझ्यावर राग नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "तू खरं तेच बोललास. मला धास्ती होती ती निराळीच. हल्ली लक्षात राहत नाही माझ्या. एरवी चाखते, तेव्हा जीभ सांभाळून घेते. गुरुवारी उघडी पडते मी. आज मीठ विसरले, उद्या शेगडी बंद करायची विसरेन. लोकांच्या जिवाशी खेळ नको." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "चूल नसली की दिवस मात्र फार मोठा होतो."

शिष्य रडवेला होऊन आप्पांकडे परतला आणि त्याने सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, आप्पा फैलावर घेतील. आप्पा फक्त म्हणाले, "पौर्णिमेला माझ्याकडे नैवेद्य आहे. यमुनाक्कांना आणि भिकोबांना जेवायला सांगून ये. स्वयंपाक मी करणार."

पौर्णिमेला आप्पा कितीतरी वर्षांनी चुलीपुढे बसले. शिष्य हाताखाली होता. डाळ शिजली, फोडणी पडली, चिंच-गूळ पडला, गोडा मसाला पडला आणि घरभर घमघमाट सुटला. शिष्य वाट पाहत होता. आप्पांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आप्पा, मीठ..."

आप्पांनी त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि ते नैवेद्याचं पान वाढायला लागले; त्या पानावरही त्यांनी मीठ वाढलं नाही. शिष्य बुचकळ्यात पडला. हे विसरले म्हणावं, तर नजर विसरलेल्या माणसाची नव्हती.

नैवेद्य झाला. आप्पांनी त्याला वाढायला सांगितलं. रीतीप्रमाणे शिष्याने प्रत्येक पानावर सर्वांत आधी चिमूटभर मीठ वाढलं, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, भात आणि आमटी. यमुनाक्का संकोचून बसल्या होत्या. त्यांनी पहिला घास घेतला. क्षणभर त्यांचा हात थबकला. मग बोटं सहज पानाच्या वरच्या अंगाला गेली, थोडं मीठ उचलून त्यांनी ते आमटीभातात कालवलं, आणि भिकोबांशी चाललेलं बोलणं न तोडता त्या जेवू लागल्या. भिकोबांनीही तेच केलं. थोड्या वेळाने यमुनाक्कांनी आमटी पुन्हा मागितली.

"आक्का, आमटी कशी झालीय?" आप्पांनी विचारलं.

"फक्कड झालीय. तुमचा हात अजून तोच आहे."

"मीठ घातलेलं नाही मी त्यात."

यमुनाक्कांनी भात कालवत मान डोलावली.

"तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"त्यात बोलायचं काय, आप्पा?" यमुनाक्का म्हणाल्या. "पानात मीठ वाढलेलं आहे की." आणि आपलेच शब्द कानी पडल्यावर त्यांनी घास हातातच धरून ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल पडत गेला.

आप्पा शिष्याकडे वळले. त्यांचा स्वर मृदू होता.

"देवाच्या पानात आपण मीठ वाढत नाही, हे तू पाहिलंस. मला वाटतं, देवाला त्याची गरजच पडत नाही. त्याच्यापुढे अळणी आलं काय आणि खारट आलं काय, तो रांधणाऱ्याचा हात ओळखतो आणि गप्प राहतो. आपण माणसं. आपली जीभ पुढे धावते. म्हणून आपल्या पानात अन्नाच्याही आधी मीठ येतं. रांधणाऱ्याची चूक अजून कुणाला ठाऊकसुद्धा नसते, तोवर तिची सोय पानावर करून ठेवलेली असते. तुझ्या जिभेने अळणी ओळखलं, ते बरोबरच होतं. पण ते ओळखल्यावर हात कुठे जायला हवा, हे मी तुला शिकवायला विसरलो. मीही म्हाताराच आहे."

मग ते यमुनाक्कांना म्हणाले, "आणि आक्का, पेठ इतके दिवस तुमचा अळणीपणा आपल्या हाताने कालवून खात होती, ती तुमच्यावर उपकार करत नव्हती. तिला तुमच्याकडेच जेवायचं होतं. लक्षात राहत नसेल, तर कुणाला तरी जवळ उभं करा. चूल का बंद करता?"

यमुनाक्कांनी पदराने डोळे टिपले आणि पानातला भात संपवला. टाकून उठायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या गुरुवारी बोळात पुन्हा फोडणीचा वास आला. शिष्य सकाळीच तिथे जाऊन शेगडीपाशी उभा राहिला होता. दैवी जिभेला त्या दिवशी काहीच काम नव्हतं, कारण नैवेद्य चाखायचा नव्हता. होते ते दोन डोळे. यमुनाक्का कधी नव्हे त्या गुणगुणत रांधत होत्या. आमटीला उकळी आली. त्या मध्येच थांबल्या, पळीकडे पाहत राहिल्या, आणि जी गोष्ट विचारायची त्यांना इतके दिवस भीती वाटत होती, ती त्यांनी अगदी सहज विचारली.

"काय रे, मीठ घातलं का मी?"

"घातलंत, आक्का. मी पाहिलं," शिष्य म्हणाला.

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी पातेलं उतरवलं. शिष्याने वाकून शेगडी बंद केली, आणि पंगतीचे पाट मांडायला तो बाहेर गेला.