वेणूचं दूध

“प्यायले. मीच प्यायले! करा काय करायचं ते.”

सगुणा मठाच्या अंगणात उभी राहून ओरडत होती. मठाच्या गुरू बायजाअक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. मठातल्या बाकीच्या बायका हातातली कामं टाकून ऐकत होत्या.

“किती रविवार?” अक्कांनी विचारलं.

“सहा.”

“सगळे?”

“सगळे. तुम्ही पूड ढवळून पेला झाकून ठेवायचात. भजन उरकेपर्यंत तो मी रिकामा करायची. आणि साधं दूध भरून ठेवायची.”

ते दूध वेणूचं होतं. वेणूला ऊन सोसत नसे. जन्मापासूनचं दुखणं. कवडसा जरी अंगावर पडला तरी कातडी भाजून निघायची, फोड यायचे. म्हणून ती मागच्या खोलीत राही, खिडकीला जाड गोधडी लावून. पण हाडांना जे डी व्हिटॅमिन लागतं ते माणसाचं अंग उन्हातच बनवतं. वेणूच्या अंगात ते नावाला उरलं नव्हतं. जमिनीवरून उठायचं तर भिंत धरावी लागे. डॉक्टरीणबाईंनी पुड्या दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. सहा आठवड्यांनी रक्त तपासलं, तर आकडा होता तिथंच. आणि परवा नुसत्या खोकल्यानं तिची बरगडी चिरली.

“तिची बरगडी मोडावी म्हणून नाही प्यायले मी,” सगुणा म्हणाली.

“मग?”

“अठरा वर्षं झाली मला इथं येऊन! विहिरीचं पाणी मी ओढते. अंगण मी सारवते. तुमचे पाय मी चेपते. ती तीन वर्षांत एकदाही उंबरा ओलांडून बाहेर आली नाही. आणि तिच्यासाठी तुम्ही स्वतः दूध ढवळता, पदरानं पेला धरून तिच्या तोंडाला लावता. मला कधी पाण्याचा तांब्या तरी विचारलात?”

“नाही विचारला.”

“ऐका गं बायांनो! स्वतःच्या तोंडानं सांगतायत!”

“तू कधी मागितला नाहीस.”

“तिनं मागितलं होतं?”

अक्कांची एक शेंग सोलून झाली. दुसरी झाली.

सगुणाचा आवाज खाली आला. “मला वाटलं, पुडीत काहीतरी आहे. तुमचा अनुग्रह. तो एकीलाच द्यायचा असतो म्हणतात.”

“अगं, मेडिकलच्या दुकानातली पुडी ती!” भिंतीशी बसलेली कोंडाबाई म्हणाली. “तिथं अनुग्रह मिळाला असता तर आम्ही इथं भाकऱ्या कशाला थापल्या असत्या?”

बायका हसल्या. सगुणा हसली नाही. अक्काही हसल्या नाहीत.

अक्का उठल्या. चूल पेटलेली होती. त्यांनी दूध कोमट केलं आणि कनवटीची एक पुडी काढली.

“वेणूची नव्हे ही. सकाळीच मागवून ठेवली, तुझ्यासाठी.”

सगुणा बघत राहिली. म्हणजे अक्कांना आधीच ठाऊक होतं.

पूड पडली. चमचा फिरला. अक्कांनी पदरानं पेला धरला, सगुणाला ओट्यावर बसवलं आणि तिच्या तोंडाला लावला. वेणूला पाजत तस्संच. घाई न करता, हनुवटीखाली दुसरा हात धरून.

सगुणा प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत.

“झालं समाधान?”

...

“बोल की. मघाशी तोंड बंद होत नव्हतं तुझं.”

“नाही झालं.”

“दूध तेच. पूड तीच. हात माझाच. कमी काय पडलं?”

मागच्या खोलीत वेणू खोकली. बरगडी आवळून धरून, अर्धाच खोकला.

सगुणाची मान तिकडे वळली, पण लगेच फिरली. ओठावरची साय तिनं मनगटानं पुसली.

“हे...” ती म्हणाली, “हे तिचं नव्हतं.”

अक्कांनी रिकामा पेला तिच्या हातात ठेवला.

“असं होय? तिचंच हवं, तर तिला भाजणारं ऊनही घे.”